टाक रे, चालतंय ना!

बऱ्याच महिन्यांनी इथली धूळ झटकतोय. मधल्या काळात तीन वाचकांनी "लिहिणं सोडलंस का?" म्हणून विचारलं. त्यातला एक जुना ब्लॉगवाला मित्र आणि उरलेल्या दोन माझ्या मावश्या, त्यामुळे लोकाग्रहास्तव परत आलो वगैरे म्हणायची सोय नाही. पण गेल्या रविवारपासून डोक्यात एक भुंगा शिरलाय, तो बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. विषय माझ्या धंद्यातला आहे. मावशांनी घाबरू नये, सगळं सांगत सांगत जातो.

झालं असं की रविवारी भाचा उमेळ्याला आला होता. पुण्यात नोकरी लागून सात महिने झालेत. जेवण झाल्यावर सगळे आडवे झाले आणि हा पठ्ठ्या ओट्यावर लॅपटॉप उघडून बसला. म्हटलं काय रे, रविवारीसुद्धा? तर म्हणाला, "मामा, सिनियर म्हणालाय हे चार लेयर टाक म्हणजे डिस्प्ले चालू होईल. उद्या डेमो आहे." मी डोकावून पाहिलं. लेयरांच्या यादीत आधीच सतरा ओळी होत्या, हे चार धरून एकवीस.

"हे कोणाचे आहेत?"
"गिटहबवर आहेत."
"अरे, पण कोणाचे?"
"बोर्डवाल्यांचे असतील एक-दोन. बाकीचे... मामा, बिल्ड होतंय ना पण!"

मी चिडलो. एवढा की आई आतून "काय झालं रे?" म्हणून बाहेर आली. बिचाऱ्या पोराला कळेना की मामाला झालं काय. राग त्याच्यावर नव्हताच. राग त्या सिनियरवर होता, आणि तो माणूस मला फार चांगला ठाऊक आहे, कारण काही वर्षांपूर्वी तो मी होतो. ते पुढे येईलच.

आधी मावशांसाठी. तुमच्या घरातला वायफायचा डबा, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स, दुकानातलं कार्ड घासायचं यंत्र, यातल्या पुष्कळशा वस्तूंच्या पोटात लिनक्स असतं. ते त्या त्या वस्तूच्या मापाचं शिवून घ्यावं लागतं. हे शिवणकाम करणारी एक मोठी व्यवस्था आहे, तिचं नाव योक्टो. लिनक्स फाउंडेशनने ती २०१० मध्ये जाहीर केली, तिच्या मुळाशी असलेला ओपनएम्बेडेड प्रकल्प २००३ पासूनचा. गंमत म्हणजे हिची सगळी भाषा स्वयंपाकघरातली आहे. एकेक सॉफ्टवेअर कुठून आणायचं, कसं बांधायचं हे ज्या फाइलीत लिहितात तिला रेसिपी म्हणतात, आणि ते सगळं भट्टीत घालणाऱ्या अवजाराचं नाव बिटबेक. तर रेसिपींची एक वही म्हणजे एक लेयर. मूळ वही योक्टोवाल्यांची. बोर्ड बनवणाऱ्याची दुसरी, पडदा विकणाऱ्याची तिसरी, कोणा हौशी माणसाने सुट्टीत लिहिलेली चौथी. आपण या वह्या एकावर एक ठेवायच्या आणि बिटबेकला म्हणायचं, कर स्वयंपाक.

कल्पना उत्तम आहे, यात वाद नाही. या थरांमुळेच माझ्यासारख्या माणसाला उमेळ्यात बसून आख्खं लिनक्स बांधता येतं. कोणीही शहाणा माणूस सगळं स्वतः लिहायला जाणार नाही. तेव्हा "परक्याचा लेयर नकोच" असं सोवळं मी सांगत नाहीये. माझं भांडण "टाक रे, चालतंय ना" या पाच शब्दांशी आहे. (शब्द चारच आहेत, पण मागे न उच्चारलेला "पटकन" असतोच.)

कारण वही शेजारी ठेवली की ती नुसती पडून राहत नाही. समजा दोन वह्यांमध्ये बोंबलाच्या कालवणाची रेसिपी आहे. बिटबेक कुठली घेणार? तुम्हाला वाटेल नवी, सुधारलेली. नाही! प्रत्येक लेयर आपल्याबरोबर स्वतःचा एक आकडा घेऊन येतो, त्याला प्रायॉरिटी म्हणतात. ज्याचा आकडा मोठा त्याची रेसिपी, मग ती जुनी का असेना. आणि हा आकडा लिहितो कोण? लेयर लिहिणाराच. म्हणजे पंगतीत कोण आधी बसणार ते पाहुण्यानेच ठरवून यायचं.

दुसरा प्रकार अपेंडचा. दुसऱ्याच्या वहीतली रेसिपी तशीच ठेवून तिला चिठ्ठी टोचायची, "यात अजून दोन चमचे तिखट". चिठ्ठीच्या नावात आवृत्तीच्या जागी टक्क्याचं चिन्ह घातलं की ती त्या रेसिपीच्या कुठल्याही आवृत्तीला चिकटते, आजच्या आणि पुढे येणाऱ्याही. लेयर आणलेला असतो टचस्क्रीनसाठी, आणि त्यात चिठ्ठी निघते एसएसएचच्या सेटिंगला. लिहिणाऱ्याने आपल्या टेबलावरच्या सोयीसाठी कधीतरी रूटला बिनपासवर्डचं आत येऊ दिलेलं असतं, मग काढायचं राहून जातं. दुष्ट हेतू लागत नाही, विसराळूपणा पुरतो.

तिसरी गोष्ट तर अनुभवी लोकांनाही सांगितली की ते "हो का?" म्हणतात. लेयरमध्ये पायथन लिहिता येतं, आणि त्यातलं काही नुसतं वाचतानाच चालतं. तुम्ही अजून काही बांधायला घेतलेलंही नसतं. बिटबेक फाइली वाचतं आणि तो कोड तुमच्या मशीनवर, तुमच्या नावाने, तुमच्या सगळ्या किल्ल्यांसकट चालतो. २०२२ च्या कर्कस्टोन आवृत्तीपासून योक्टोने डाउनलोडची पायरी सोडून बाकीच्या कामांचं नेटवर्क बंद केलं, ते फार चांगलं केलं. पण हा वाचतानाचा कोड त्या कुंपणाच्या अलीकडे आहे. थोडक्यात, लेयर टाकणं म्हणजे अनोळखी माणसाचा प्रोग्राम स्वतःच्या लॅपटॉपवर चालवणं. ईमेलमध्ये आलेली फाइल उघडू नका म्हणून घरच्यांना दटावणारे आम्हीच, आणि हे मात्र चहा पिता पिता करतो.

आता माझी गोष्ट. आजवर कुठे लिहिली नव्हती.

शीतगृहांचं तापमान मोजून कळवणारा एक डबा आम्ही बनवत होतो. मासळी, फळं, काही ठिकाणी औषधं. योक्टोची डनफेल आवृत्ती होती, २०२० ची. त्याला नवा टचस्क्रीन लावायचा ठरला. पडदेवाल्याने आपला लेयर दिला. आम्हाला त्यातला एक ड्रायव्हर हवा होता, जेमतेम एक पॅच. टीममधला सर्वांत धाकटा मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, यात बाकीचंही बरंच काही आहे, टाकू का?" मी दुसऱ्या कुठल्यातरी बगच्या मागे होतो. मान वर न करता म्हटलं, "टाक रे, चालतंय ना?" त्याने टाकला. चाललंही.

त्या "बाकीच्या बरंच काही"त ओपनएसएसएलची एक रेसिपी होती. हे इंटरनेटवरचं बोलणं कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर. त्या लेयरमध्ये १.१.१जी होतं, म्हणजे एप्रिल २०२० चं, आणि लेयरचा आकडा मोठा. पुढे मार्च २०२२ मध्ये ओपनएसएसएलमध्ये एक वाईट चूक सापडली. मुद्दाम बिघडवलेलं सर्टिफिकेट समोर आलं की प्रोग्राम अनंत फेऱ्यांत अडकून बसायचा. दुरुस्ती १.१.१एन मध्ये आली, डनफेलवाल्यांनी ती लगेच घेतली, आम्ही डनफेल अद्ययावत केलं आणि ग्राहकाला लेखी कळवलं की दुरुस्ती झाली आहे.

झाली नव्हती. मूळ वही आम्ही नवी आणली, पण वर ठेवलेली पडदेवाल्याची जुनी वही तशीच होती, आणि बिटबेक इमानाने तिच्यातलंच कालवण वाढत होतं. ना एरर, ना लाल अक्षरं. योक्टोत सीव्हीई तपासायचा एक क्लास आहे, तो लावला असता तर कदाचित तेव्हाच बोंब झाली असती. आम्ही लावला नव्हता. काही महिन्यांनी ग्राहकाच्या ऑडिटरने डबा तपासला, तर आत १.१.१जी. म्हणजे आम्ही लेखी खोटं बोललो होतो, न कळत का होईना. कुठे काही नुकसान झाल्याचं पुढे आलं नाही, हे नशीब.

मग मीटिंग. साहेबांचा पहिला प्रश्न, "हा लेयर कोणी टाकला?" गिटचा लॉग काढला, त्यात त्या मुलाचं नाव. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच, अर्धा सेकंद. मी समोरच्या वहीत काहीतरी खरडत राहिलो.

तो काही बोलला नाही. मीही नाही. "पोरगं नवीन आहे, शिकेल" असं कोणीतरी म्हणालं आणि मीटिंग संपली. चार महिन्यांनी तो दुसरीकडे गेला. त्याच कारणाने गेला असं मी म्हणत नाही, पण त्याच्या त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये काय लिहिलं होतं ते मला माहीत आहे.

तर लेयर मी टाकला होता. बोटं त्याची होती, एवढंच.

म्हणून मला हल्ली "ज्युनियरची चूक" हा शब्दप्रयोग ऐकला की तिडीक येते. एखाद्या थराला घरात घ्यायचा निर्णय घेतात अनुभवी लोक, तोंडी, जाता जाता. आणि कमिट होतो सर्वांत नव्या मुलाच्या नावाने. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००४ पासून "साइन्ड ऑफ बाय" अशी ओळ घालायची पद्धत आहे. हा पॅच माझ्या हातून पुढे गेला आणि मला तो द्यायचा हक्क आहे, असं सही करून सांगायचं. पॅच जितक्या हातांतून जातो तितक्या सह्या खाली जमतात. आमच्या ऑफिसांमध्ये लेयर टाकायच्या कमिटवर त्याच चालीने, "टाक" म्हणणाऱ्या माणसाची सही हवी. सही करायची म्हटली की "टाक रे" चं "थांब, बघतो" किती पटकन होतं, ते करून पाहा.

यावर मला नेहमीची उत्तरं मिळतात. पहिलं म्हणजे "ओपन सोर्स आहे, हजार डोळे बघत असतात." कुठले डोळे? मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण आठवा. जिया टॅन नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ नेमाने मदत केली, थकलेल्या मूळ लेखकाचा विश्वास मिळवला, सहदेखभालकर्ता झाला आणि ५.६.० नि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या एका माणसाला एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, आणि त्याने ते सोडून दिलं नाही. हजार डोळे नव्हते हो, दोन होते. तो दरवाजा एक्स८६-६४ साठी होता, आमच्या आर्मच्या डब्यांचा त्यात संबंध नव्हता. पण एक्सझेड जगभर वापरात होतं, तिथे ही गत. तीन वर्षांत एकही कमिट न झालेला, बारा स्टार मिळालेला पडदेवाल्याचा लेयर किती डोळ्यांनी वाचला असेल? लिहिणाऱ्याने तरी दुसऱ्यांदा वाचला असेल का?

दुसरं उत्तर, "लेयर इंडेक्सवर आहे की." असेल. इंडेक्स ही यादी आहे. टेलिफोन डिरेक्टरीत नाव आहे म्हणून माणूस सज्जन ठरत नाही. (डिरेक्टरी आठवते ना?) "योक्टो कम्पॅटिबल" हा शिक्का वेगळा, त्याला अर्थ आहे. त्यासाठी योक्टो-चेक-लेयर नावाची एक स्क्रिप्ट चालवावी लागते आणि तिच्यामागचा विचार मला फार आवडतो. नुसता लेयर यादीत घातल्याने, बाकी काही न बदलता, आधीच्या कुठल्याही रेसिपीचा परिणाम बदलता कामा नये. तुम्ही त्याची मशीन किंवा त्याचा डिस्ट्रो निवडलात तर त्याने हवं ते करावं. पाहुणा आला, बसला, पाणी प्यायला. मिठाचा डबा मात्र विचारल्याशिवाय हलवायचा नाही! पण हा शिक्का वागणुकीचा आहे. आतला कोड सुरक्षित आहे याची हमी तो देत नाही, हेही लक्षात असू द्या.

तिसरं उत्तर, वेळ नाही. याच्यावर मला आमच्या वाडीची आठवण येते. उमेळ्याकडून नायगावच्या बाजूला गेलात की मिठागरं नि खाजणं लागतात, आणि वसईच्या गावागावांत बावखलं होती. पावसाचं पाणी धरून ठेवणारी, वाडीला वर्षभर पुरवणारी. त्यातली किती बुजली ते वसईकरांना सांगायला नको. आमच्या वाडीचा एक कोपरा सखल होता. बाबांना एकाने सांगितलं, माती मिळतेय, फुकट, रात्रीत टाकून जातील. बाबांनाही वेळ नव्हता. सकाळी पाहिलं तर वर चार बोटं माती आणि खाली फरशांचे तुकडे, काचा, सिमेंटच्या पिशव्या. टाकायला एक रात्र लागली. काढायला दोन उन्हाळे लागले, आणि तरी सगळं निघालं नाही. तिथे केळ काही धरली नाही पुन्हा. आणि पहिल्याच पावसात पाणी शेजारच्या काकींच्या स्वयंपाकघरात. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्यात होतं आणि नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी होतं, तेव्हा काकी बाबांना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही विचारायचं होतं."

असो. वेळेचा हिशेब मांडतो. नव्या लेयरची नीट तपासणी करायला मला साधारण अर्धा दिवस लागतो. आधी तो कंटेनरमध्ये उघडायचा, जिथे माझ्या एसएसएचच्या किल्ल्या नाहीत. मग लेयर डॉट कॉन्फ आणि क्लासेस वाचायचे, शेवटच्या ओळीपर्यंत. फार लांब नसतात. कुठे काही सर्वांवर लादलंय का, टक्केवाल्या चिठ्ठ्या कोणाला टोचल्यात, ते शोधायचं. बिटबेक-लेयर्सची दोन पोटआज्ञापत्रं आहेत, शो-ओव्हरलेड आणि शो-अपेंड्स. लेयर टाकायच्या आधी आणि नंतर दोन्ही चालवून फरक बघायचा. आमचं ओपनएसएसएल या पहिल्या आज्ञेत एका ओळीत दिसलं असतं. एका ओळीत! मग योक्टो-चेक-लेयर. इमेजमधल्या पॅकेजांच्या यादीचा आधी-नंतर फरक. आणि लेयर ब्रांचच्या नावाने कधी आणायचा नाही, नेमक्या कमिटच्या हॅशवर खिळवायचा, कारण ब्रांच उद्या कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. सोर्सेस आपल्या मिररवर ठेवायचे.

आणि कम्पॅट ओळीत आपल्या आवृत्तीचं नाव हाताने घुसडून बिटबेकची तक्रार गप्प करणाऱ्यांना मला वेगळंच काहीतरी म्हणायचंय, पण मावश्या वाचतायत. ती ओळ म्हणजे "मी या आवृत्तीवर तपासलंय" असं लेखकाचं म्हणणं. आपण ते त्याच्या वतीने खोटं लिहितो.

मित्र म्हणतो, मग हवी ती एकच रेसिपी उचलून आपल्या लेयरमध्ये का आणत नाहीस? आणतो कधीकधी. पण उचललेली रेसिपी ही दत्तक घेतलेली, तिचं पुढचं सगळं आपल्यालाच करावं लागतं. कुठल्या कमिटवरून आणली ते लिहून नाही ठेवलं तर दोन वर्षांनी ती पोरकी होते. बीबीमास्क वापरून नको त्या रेसिपी झाकता येतात, तेही बरं. मात्र त्याने रेसिपी आणि अपेंड झाकले जातात, लेयर डॉट कॉन्फ तरीही वाचली जातेच. झाकलं म्हणून निर्धास्त झोपलेले लोक मी पाहिलेत.

आता तर कागदही मागायला लागलेत. आपल्या सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीबद्दल, म्हणजे एसबॉमबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतोय. योक्टो ही यादी आपोआप काढून देतं, त्यामुळे आमच्यात "एसबॉम आहे ना, झालं मग" असा नवा मंत्र सुरू झालाय. चिवड्याच्या पाकिटावर मीठ छापलेलं असतं. कोणी घातलं आणि का घातलं, ते छापलेलं नसतं.

त्या मुलाला मी काल ईमेल लिहिलं. तीनदा खोडलं, शेवटी सहा ओळींचं पाठवलं. अजून उत्तर नाही, आणि त्याने द्यायलाच हवं असंही नाही. त्याच्या तेव्हाच्या आणि माझ्या आताच्या ओळखीतले काही लोक हा ब्लॉग वाचतात. त्यांनी ही पोस्ट खुशाल पुढे पाठवावी.

भाच्याच्या लॅपटॉपवर रविवारी आम्ही शो-ओव्हरलेड चालवलं. एकवीस लेयरांत नऊ रेसिपी झाकलेल्या निघाल्या, त्यातल्या दोघींचं कारण दोघांनाही कळलं नाही. डेमो त्याने दोन दिवस पुढे ढकलायला सांगितलाय. सिनियरला काय सांगू म्हणून विचारत होता. म्हटलं, त्याला सांग, कमिटवर तुमची सही लागेल, मामाने सांगितलंय. आत्ता लिहिता लिहिता त्याचे दोन मिस्ड कॉल दिसतायत, बघतो काय झालं ते.